पिंजाऱ्याचा नातू

हिवाळ्यातला रविवार. फजरची नमाज आटोपली आणि दारात मित्राच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मला नोकरी लागली, त्याला नाही लागली. तो शेती करतो. त्याचा कापूस खामगावच्या एका जिनिंगमध्ये गेला होता, त्याचा चुकारा आणायचा होता. "चल सर, कारखाना दाखवतो," तो म्हणाला. मी कानाला मफलर गुंडाळून मागे बसलो.

बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत याच जंगलात आला होता. "तो पायी आला, तू गाडीवर बसून कुडकुडतोस!" मित्र हसला.

खामगाव हे कापसाचं गाव. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो या कापसासाठीच.

जिनिंगच्या आवारात कापसाचा डोंगर होता. जाड पाइपातून वारा तो आत ओढत होता. आत यंत्रांची रांग. चामड्याचे रोलर तंतू ओढून घेतात, पाती सरकी अडवतात. रुई पुढे जाते, सरकी खाली पडते. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं, ढेप होते. रुई प्रेसमध्ये दाबली की सुमारे १७० किलोची गाठ तयार. आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. पापण्यांवर तंतू बसले होते.

तो वास मात्र माझ्या ओळखीचा होता.

नकळत मी चिमटीभर रुई उचलली, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढली, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा ओढली. धागे सरळ झाले, लांबी दिसली. तिथला ग्रेडर बघत होता. "सर, हे कुठं शिकले?"

माझे दादा पिंजारी होते. खांद्यावर कमान घेऊन गावोगाव फिरायचे, अंगणात बसून तातीवर मोगरी मारायचे, लोकांच्या गाद्या-रजया भरायचे. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो. सवलतीच्या फॉर्मवर मी 'पिंजारी' लिहिलं, दाखला जोडला. पण बी.एड.ला कुणी विचारलं की सांगायचो, "आमचा कापडाचा धंदा होता."

मी उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. ज्यांचं नाव आमच्या जमातीनं 'मन्सुरी' म्हणून लावलं, त्या मन्सूर हल्लाज यांना ९२२ मध्ये बगदादमध्ये मृत्युदंड झाला. अरबीत 'हल्लाज' म्हणजे कापूस पिंजणारा. हे मी वर्गात अभिमानानं सांगतो. मराठीत पोलीस जंगल पिंजून काढतात, अभ्यासक विषय पिंजून काढतात. हेही शिकवतो. बगदादचा पिंजारी मला चालत होता. घरचा चालत नव्हता.

परत येताना घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो. धीर करून मित्राला खरं सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला.

"मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा घरी आला तेव्हापासून. आजीनं ओळखलं. म्हणे, हा तर आपल्या गाद्या भरणाऱ्या बाबांचा नातू, त्यांच्यासंगं यायचा. तू काही बोलला नाही, म्हणून मीबी नाही बोललो."

वीस वर्षं मी जे लपवत होतो, ते त्यानं माझ्यासाठी सांभाळलं होतं. पुढचा घाट मी मुकाट्यानं चढलो. तोही गाडी हळू चालवत होता.

सोमवारी वर्गात 'पिंजणे' हे क्रियापद फळ्यावर लिहिलं. मुलांना अर्थ विचारला. कुणालाच आला नाही. मग खिशातली रुई टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "माझे दादा हे काम करायचे." एवढंच वाक्य. बोलताना आवाज थोडा हलला, पण मुलांचं लक्ष रुईकडे होतं. ती हातोहात शेवटच्या बाकापर्यंत गेली.