ग्दान्स्कहून पत्र

तीर्थरूप आप्पा,

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण तीरावरील ग्दान्स्क या पुरातन बंदरात मुक्काम ठेवून मोटारीने आसपासचा मुलूख पाहत आहे. मोत्वावा नदीच्या धक्क्यावर पंधराव्या शतकातील ती प्रचंड लाकडी यारी उभी आहे, जिच्या पोटातील चक्रांत माणसे चालत राहून जहाजांवरचा माल चढवीत-उतरवीत. विस्तुलेच्या प्रवाहाबरोबर येणारे पोलंडचे धान्य येथूनच हॉलंडकडे रवाना होई, आणि व्यापाराच्या बळावरच येथील सावकार-व्यापाऱ्यांनी सेंट मेरीचे अवाढव्य वीटबांधणीचे चर्च दीडशेहून अधिक वर्षे खपून १५०२ साली पुरे केले.

परंतु आप्पा, आज दिसणारे हे वैभव बहुतांशी १९४५ नंतरचे आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जुने नगर जवळजवळ बेचिराख झाले, यारीचे लाकूड जळाले, बहुसंख्य जर्मन रहिवासी परागंदा झाले वा पुढे घालविले गेले. आणि येथे येऊन वसलेल्यांत सोव्हिएत अमलाखाली गेलेल्या विल्नो, ल्वुफ या पूर्वेकडील प्रांतांतून उखडले गेलेले पोल लोकही पुष्कळ होते. अशा या नव्या वस्तीच्या काळात, प्रशियन अमलाच्या खुणा बुद्ध्या वगळून, डच वळणाच्या जुन्या दर्शनी भिंती पुन्हा उभारल्या गेल्या. या कामास कोणी नक्कल म्हणेल, पण मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. स्वतःचा गाव कायमचा अंतरलेल्या माणसांनी परक्याचा गाव इतक्या निष्ठेने सांभाळावा, यापरते नागरिकत्व कोणते?

शहराबाहेर पडून आग्नेयेस वळले की झुवावीचा सपाट प्रदेश लागतो. त्याचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली असून, सोळाव्या शतकापासून येथे आलेल्या डच मेनोनाइट शेतकऱ्यांनी बांध घालून व पाणी उपसून तो लागवडीस आणला. दुतर्फा कालवे, मधून सरळ सडक, आणि सुमारे साठ किलोमीटरांवर नोगात नदीकाठी मालबोर्कचा तांबडा किल्ला. किल्ल्याचा धनी असलेल्या ट्यूटॉनिक सरदारसंघाने आपल्या भाडोत्री शिबंदीचा पगार थकल्यावर हा किल्ला त्यांच्याकडेच गहाण टाकला, आणि त्या शिबंदीने तो १४५७ साली पोलंडच्या राजास विकून टाकला! भक्कम तटबंदीमुळे जे होऊ शकले नाही ते थकलेल्या तनख्याने केले.

वेस्टरप्लाट्टे हे जुने पोल लष्करी ठाणे मात्र ग्दान्स्क बंदराच्या मुखाशीच आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन युद्धनौकेने येथे तोफा डागल्या, आणि सुमारे दोनशे पोल शिपायांनी हे ठाणे सात दिवस लढविले.

ग्दान्स्कमध्ये येऊन वसलेल्या त्या विस्थापितांवरून आठवले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत जे हजारो पोल आश्रित राहिले, तेही मुख्यतः सोव्हिएत अमलाखाली गेलेल्या त्याच पूर्व प्रांतांतले. आपण बालपणी त्यांना पाहिले आहे. त्यांची घरे, त्यांची शाळा, बाजारातील त्यांचे बोलणे-वागणे, जे जे स्मरणात असेल ते कृपा करून तपशीलवार लिहून ठेवावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुतण्या