जोडी पुरी झाली पाहिजे

मोजे विणण्याच्या स्पर्धेत एकटा मोजा धरत नाहीत. पहिला कितीही देखणा उतरला, टाच कितीही सुबक बसली, तरी दुसरा पुरा होऊन जोडीचा फोटो जाईपर्यंत विणणारीच्या नावापुढे काही लागत नाही. नियम साधा दिसतो, पण खरी कसोटी त्यातच आहे. पहिल्या मोज्यात उत्सुकता असते : नमुना कसा उलगडेल, जाळी कुठे संपेल, टाचेशी पोचल्यावर वेलीचे काय होईल. दुसऱ्यात यातले काहीच उरत नाही. सगळे ठाऊक असते आणि तरी तेवढेच टाके पुन्हा विणायचे असतात, तेही पहिल्याच्याच ताणाने. हात सैल पडला तर मोजा लांबतो, आवळला तर आखूड होतो. विणणाऱ्या बायकांच्या पिशव्यांमधून कितीतरी एकेकटे मोजे पडून असतात, ते याच कारणाने. नव्याची ओढ संपल्यावर हातात काय शिल्लक राहते, ते दुसरा मोजा दाखवतो.

ही गोष्ट मला बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात बसून कळली. या शहराचे नाव घेतले की लोकांना मुमताज आठवते. 1631 साली ती इथे वारली. मला टॅव्हर्निए आठवतो. सतराव्या शतकात इथून गेलेल्या या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की या शहरातली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि थेट कैरोपर्यंत जाते. आजही शहर कापडावरच चालते. इतवारा, शनवारा, बुधवारा या वारांच्या मोहल्ल्यांतून चालत गेले की कुठल्या ना कुठल्या भिंतीपलीकडून पॉवरलूमची खटखट कानावर येते. लालबागेतली ताप्ती मिल 1906 सालची. 2020च्या टाळेबंदीत तिचीही यंत्रे थांबली, आणि माग थांबले की गावाचा श्वास कोंडतो हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. अशा गावात सुयांवर मोजे विणणारी बाई म्हणजे नवलच. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे जातो. मागाला जागा लागते, वीज लागते, भांडवल लागते. सुयांना मांडी पुरते.

विणकाम मी आईकडून शिकले, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. 1962च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले, तेव्हा आई नुकतीच लग्न होऊन आली होती. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ते त्याच दिवसांत. कॉलनीत लोकर वाटून दिली जाई आणि संध्याकाळी ओट्यावर बायका बसत. आई सांगे, स्वेटर सगळ्याजणी मागून घेत, मोज्यांना कोणी लवकर हात लावत नसे. मोज्याला दोन्ही टोकांनी अणकुचीदार अशा तेरा नंबरच्या चार सुया लागतात, टाच वळवावी लागते, बाजूचे टाके उचलून घ्यावे लागतात आणि पंजा असा मिटवावा लागतो की शिवणीची कड बोटांना टोचणार नाही. पंजा मिटवण्याच्या या टाक्याला इंग्रज बायका किचनरचे नाव देतात. तोच किचनर, जो 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता. बुटात दिवसचे दिवस ओले राहिलेले पाय पहिल्या महायुद्धात कुजले, तेव्हा कोरड्या मोज्यांची किंमत फौजांना कळली. आईला हा इतिहास माहीत नव्हता. तिने एवढेच शिकवले की मोज्याची आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच साफ हवी, कारण पाय आत असतो.

सॉक मॅडनेस या स्पर्धेची खबर मला पुण्यातल्या भाचीने दिली. 2007 साली ती सुरू झाली. साधारण मार्चच्या सुमारास ती भरते आणि देशोदेशीचे विणणारे तिच्यात उतरतात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल सामन्यांना मार्च मॅडनेस म्हणतात, त्यावरून हे नाव. आधी पात्रता फेरी : नेमून दिलेल्या मुदतीत एक जोडी. मग वेगानुसार गट पाडतात, म्हणजे अतिवेगवान हाताची गाठ संथ हाताशी पडत नाही. फेरीचा नमुना आधी कोणालाच माहीत नसतो, तो सर्वांना एकाच वेळी मिळतो. गटात आधी जोडी पुरी करणारे ठरावीक जण पुढे जातात, बाकीचे थांबतात. पैशासाठी यात कोणी उतरत नाही. अडचण वेळेची : अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक चाललेला असतो, तिथल्या दुपारी आपल्याकडे निजानीज झालेली असते. पण ही कुरकुर प्रत्येक देशातली बाई करू शकेल. घड्याळ कोणा ना कोणाला गैरसोयीचे असणारच.

बारीक धाग्याच्या मोज्याला वर्तुळात साठ-चौसष्ट टाके धरले, तर जोडीत वीस हजारांच्या आसपास टाके भरतात. शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी 2008 साली मिनिआपोलिसच्या स्पर्धेत तीन मिनिटांत 262 टाके विणून जगातल्या सर्वांत वेगवान विणणारीचा मान मिळवला. त्याच वेगाने कोणी न थांबता विणत राहिले, तरी जोडीला चार तासांच्या आसपास लागतील. आणि तो वेग साध्या सुलट टाक्यांचा. जाळी आली, वेल आली, दोन रंग आले की नजर आलेखावर जाते आणि हात मंदावतो. तुमच्याआमच्यासारखीला मिनिटाला तीस टाके धरले, तर निव्वळ विणण्याचेच अकरा तास होतात. हे अकरा तास कुठून काढायचे, हाच बाईच्या स्पर्धेचा खरा प्रश्न आहे. बोटांचा वेग त्याच्यानंतर येतो.

मी पहाटेचे काढले. मार्चात बुऱ्हाणपुरात दुपारी लोकर हातात धरवत नाही. घामाने धागा सुईवर अडतो आणि टाके कमीजास्त घट्ट पडतात. पहाटे ओट्यावर गारवा असतो, माग अजून पुरते सुरू झालेले नसतात. पुढे मी सुती मिश्रणाचा धागा घेतला. सूत हाताला गार लागते, पण त्याला लोकरीसारखी लवचीकता नाही. वरची पट्टी दोन सुलट दोन उलट घातली तरी काही दिवसांनी घोट्यावर सैल पडते, म्हणून तिथे टाके कमी घ्यावे लागतात आणि सुई एक नंबर बारीक लागते. आमच्या हवेत मोजे हवेत तर ते सुताचेच, असे माझे ठाम मत झाले आहे. आणि हे काही नवे नाही. विणकाम म्हटले की बर्फ आणि शेकोटी डोळ्यांसमोर येते, पण जगातले जे जुन्यांत जुने सुयांचे मोजे हाती लागले आहेत ते इजिप्तमधले आहेत, बाराव्या शतकाच्या आसपासचे, निळ्या-पांढऱ्या सुताचे, पंजापासून वर विणत नेलेले. उन्हाच्या देशातले, कापसाचे. ज्या कैरोला पुढे आमच्या गावची मलमल जात होती, त्याच मुलखातले. हे वाचल्यापासून ओट्यावर सुया घेऊन बसताना मला आपण परक्या मुलखाचे काही करतो आहोत असे वाटत नाही.

घरात कोणी अडवले नाही. सासूबाईंनी एकच विचारले, बाजारात मोजे मिळतात, मग हा खटाटोप कशाला. प्रश्न रास्त होता. इंग्लंडात विल्यम ली याने 1589 साली मोजे विणण्याचे यंत्र बनवले, तेव्हापासून तो विचारला जातो आहे. मी त्यांना म्हटले, "आई, पळण्याच्या शर्यतीत धावणाऱ्याला कुठे पोचायचे असते? गाडीने तो आधी पोचला असता." त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग घड्याळ लावूनच बस. अर्धवट नको." त्यानंतर पात्रता फेरी संपेपर्यंत सकाळचा चहा त्यांनी केला.

पण मला खरे शिकवले ते शेजारच्या खालांनी. त्यांचे सगळे आयुष्य पॉवरलूमच्या घरात गेले. माग पुरुष चालवत, बाण्याच्या सुताच्या कांड्या बायका भरत. कापड मीटरवर मोजले जाते, त्यावर मजुरी ठरते. कांड्या भरणाऱ्या हाताला त्यातले सर्वांत कमी. खाला माझ्याजवळ बसून सुयांकडे बघत राहिल्या. स्पर्धा म्हणजे काय, वेळ कशी लावतात, फोटो कोण तपासतो, सगळे त्यांनी खोदून विचारले. मग म्हणाल्या, "हमारी तो कोई घड़ी नहीं देखता था, बस कांडी गिनते थे." आणि थोड्या वेळाने सांगितले की लहानपणी गल्लीतल्या मुली टोपल्या समोर ठेवून शर्त लावत, कोणाची आधी भरते. त्यात कोणाचा हात सर्वांत चलाख होता, तिचे लग्न कुठल्या गावात झाले, हे त्यांना अजून आठवते. ती बाई आज असेल नसेल, पण तिचा वेग खालांच्या डोक्यात नोंदलेला आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

मी स्पर्धेत का उतरले, हे मला त्या वेळी समजले. बाईच्या हातकामाला आपल्याकडे कौतुक भरपूर मिळते. हळदीकुंकवाला टेबलावर रुमाल, तोरणे, बाळंतविडे मांडतात, येणारी प्रत्येकजण छान छान म्हणून पुढे जाते, आणि शेवटी सगळ्यांना सारखी वाटी. हे कौतुक प्रेमाचे असते, मला त्याची किंमत आहे. पण त्यात काम कोणी नीट पाहत नाही. दुसऱ्या मोज्याची टाच पहिल्याशी जुळते का, हे पाहायला थांबावे लागते, माहिती असावी लागते, आणि जुळत नसेल तर तसे सांगण्याची तयारी लागते. स्पर्धेत पलीकडच्या परीक्षकाने माझ्या मोज्यांच्या फोटोवर नमुन्यातल्या फेऱ्या मोजल्या. ओळखपाळख नसलेल्या माणसाने माझे टाके एकेक करून मोजले, याचा मला झालेला आनंद मी कोणत्याही बक्षिसाशी बदलणार नाही. मोजणे हाही मान आहे.

विणणाऱ्या हातांचे वजन जगाने कधीच ओळखले नाही असे नाही. इंग्लंडात तेव्हा यॉर्कशरमध्ये असलेल्या डेंट गावचे स्त्रीपुरुष मोजे विणण्याच्या वेगासाठी दूरवर नावाजलेले होते. चालताबोलता, गुरे हाकताना त्यांच्या सुया चालत. जर्सी बेटावर तर मोजे विणण्याच्या कमाईपुढे शेते ओस पडू लागली, तेव्हा 1608 साली कापणीच्या आणि समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या दिवसांत विणकाम करायचे नाही, असा कायदाच करावा लागला. कायदा करून थांबवावे लागावे इतकी ज्या कामात ताकद, त्याला पुढे फावल्या वेळचा छंद म्हणू लागले, कारण कमाई यंत्राकडे गेली आणि उरलेले काम घरात राहिले. घरात राहिलेल्या कामाला आपण कधी घड्याळ लावले नाही, की त्याचा निकाल लावला नाही.

मी पात्रता फेरी पार केली, पुढेही गेले, आणि मग एका दुरंगी नमुन्याशी थांबले. माझा दुसरा मोजा घोट्यापर्यंत आला होता, तेव्हा माझ्या गटातल्या जागा भरल्या. कोणाशी तक्रार नाही. ज्या पुढे गेल्या त्यांचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. हरल्यावरही ती जोडी मी पुरी केली. बाहेर पडलेल्यांनी पुढच्या फेऱ्यांत इतरांना हुरूप द्यायचा, अशी तिथली रीत आहे. मीही दिला. ज्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत, त्या बायकांच्या टाचा आणि पंजे मी रात्री झोपण्याआधी बारकाईने पाहत असे.

म्हणून ही विनंती. आपल्या गावातल्या महिला मंडळांनी येत्या डिसेंबरात मोजे विणण्याची एक खरी स्पर्धा ठेवावी. सगळ्यांना एकच सूत, ते इथलेच. नमुना आधी कोणाला दाखवायचा नाही. परीक्षक विणणाऱ्याच असाव्यात, पाहुण्यांना हारतुऱ्यापुरते बोलवावे. जोडी पुरी झाली तरच धरावी, आणि निकाल पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नावानिशी वाचून दाखवावा. त्याच दिवशी, त्याच मांडवात, कांड्या भरण्याचीही शर्त लावावी. खालांसारख्या कितीतरी जणी इतवाऱ्यात आणि बाहेरही आहेत, त्यांना हाताला धरून आणावे. नोंदवहीत वेळ लिहावी, तारीख लिहावी, आणि ती वही पुढच्या वर्षासाठी जपून ठेवावी. तेरा नंबरच्या सुयांचे काही जास्तीचे संच माझ्याकडे आहेत. ज्यांना सराव करायचा आहे त्यांनी ते येऊन घेऊन जावेत.