खिशात मावणारी यंत्रं

रविवार, दुपार. टेबलावर सोनीचा डब्ल्यूएम-20 वॉकमन उघडून ठेवला आहे. 1983चं हे यंत्र. बंद असताना जेमतेम कॅसेटच्या डबीएवढं. कॅसेट घालायची तर आधी ओढून लांब करावं लागतं. चालतं एका पेन्सिल सेलवर! मोटर, फ्लायव्हील, हेड एवढ्याशा जागेत बसवणाऱ्यांना मी मनोमन हात जोडतो.

शेजारी निळा-चंदेरी टीपीएस-एल2, 1 जुलै 1979 रोजी जपानात विक्रीला आलेला पहिला वॉकमन. त्याला दोन हेडफोन लावता येतात. नारिंगी बटण दाबलं की गाणं मंदावतं आणि माइकमधून सोबत्याशी बोलता येतं. एकट्यानं ऐकायच्या यंत्रात दुसऱ्याची आठवण ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या यंत्रांचा वैरी म्हणजे रबरी पट्टा. पडून राहिला की सैल होतो, काहींत तर विरघळून काळा चिकटा होतो. तो चिकाटीनं पुसायचा, नवा पट्टा चढवायचा, मग फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटरच्या चालीनं सरकते का, ते कानानं पारखायचं. हे काम मला ऐकण्याइतकंच प्रिय आहे.

तरी जीव अडकतो तो रेकॉर्डरमध्ये. ऑलिंपसनं 1969 मध्ये आणलेली मायक्रोकॅसेट संगीताला तोकडी, पण माणसाचं बोलणं नेमकं धरते. जुन्या बाजारात असा रेकॉर्डर दिसला की मी आधी आत कॅसेट आहे का ते पाहतो; तिच्यात कुणाचा तरी आवाज असू शकतो.

तुमच्या कपाटात एखादा असेल तर आजच त्यातले जुने सेल काढा, नवे घाला आणि कॅसेटमधले घरच्यांचे आवाज उतरवून घ्या.