‘मा रेवा’ आणि पप्पांची वही

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी जळगावच्या हॉस्टेलवर एका सीनियरची हार्ड डिस्क खोल्याखोल्यांतून फिरायची. पिक्चर, गेम्स, जुन्या पेपरांच्या पीडीएफ आणि एका कोपऱ्यात ‘कंदिसा’ नावाचा फोल्डर. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा हा अल्बम २००० साली आला, तेव्हा मी बालवाडीतही गेलो नव्हतो. रॉक म्हणजे आरडाओरडा, अशी माझी समजूत. इथे सुस्मित सेनची गिटार आणि अशीम चक्रवर्तीचा तबला शेजारी बसून निवांत बोलत होते. शीर्षकगीत तर सिरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. एक शब्द कळला नाही, पण रात्रभर ऐकत राहिलो.

अडकलो मात्र ‘मा रेवा’त. रेवा म्हणजे नर्मदा. गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं आणि तापीचं नुसतं स्मरण पुरे, असं म्हणतात. आम्ही स्मरणवाले, नर्मदा लांबची वाटायची.

दिवाळीत धुळ्याला घरी आल्यावर ते लॅपटॉपवर लावलं. पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली.

“हाई गानं तुले कोठे सापडनं?”

मी सांगितलं, बँडचा बासिस्ट राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होता, हे पारंपरिक गाणं तिथूनच आलंय. पप्पा म्हणाले, “तठे मी बी गयथू.”

हे मला माहीत नव्हतं. अक्कलकुवा, धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळं झालं १९९८ साली. पप्पा नवे कारकून होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत घरं, झाडं मोजून वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. एका म्हाताऱ्याने त्यांना आडवं पडलेलं महूचं झाड दाखवलं. वादळात पडलेलं, पण मुळं धरून असलेलं, फुलं देणारं. नियम उभ्या झाडांचा होता. पप्पांनी लिहिलं नाही. संध्याकाळी काठावर बाया-माणसं नदीची गाणी म्हणत होती आणि हे शाळेच्या ओट्यावर वही मांडीवर घेऊन ऐकत होते. १९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

“लिखतू तं काय व्हतं?” ते म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्ममध्ये कुठले रकाने असावेत, हे ठरवणं माझ्या कामाचाच भाग आहे. रिक्वायरमेंटमध्ये नसलेली गोष्ट आम्ही धरत नाही. माझं वय आज पप्पांच्या तेव्हाच्या वयाएवढं आहे. त्यांनी चूक केली असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही केली असंही.

मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला, त्याच्या कितीतरी आधी, २००९च्या डिसेंबरात, अशीम गेला होता. त्याचा आवाज मात्र आमच्या गाडीत अजून असतो. मागच्या महिन्यात पप्पांना घेऊन जळगावहून धुळ्याला येत होतो. पारोळ्याच्या पुढे ‘मा रेवा’ लागलं. मी पुढचं गाणं लावायला हात नेला.

“ऱ्हाऊ दे,” पप्पा म्हणाले, आणि काच वर घेतली, नीट ऐकू यावं म्हणून.