आज्याचा वस्तरा

आमच्या घरी एक जुना वस्तरा आहे. आमच्यात न्हावीकाम कुणी केलं नाही. मग तो आला कसा? गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण आमच्या आज्याच्या डोक्याला हात लावायचा नाही, म्हणून आला. आज्यानं वाड्यातल्या दोन पिढ्यांची डोकी स्वतःच केली. साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, तरी आपले केस थोरली बहीणच कापायची, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. हे प्रत्येक वाड्यात घडत होतं.

ट्रंकेत तो गंजलेला सापडला. एका शौकिनानं फोटो पाहून सांगितलं, पॉलिश मार, नवी मूठ लाव, भाव येईल. मी तो घेऊन मोर्णेपलीकडे जुन्या शहरात गेलो. तिथं एक म्हातारे कारागीर आहेत. आता सगळीकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे, त्यामुळे त्यांची धोकटी खुंटीला.

‘‘मशीनवर धरू नको बाबू, पातं तापलं का पानी उतरते. अन् नाव बी जाईन.’’

त्यांनी गोडं तेल लावून बारीक पॉलिश पेपरनं हातानंच गंज काढला, मुठीजवळची जागा मात्र नुसती पुसली. तिथं अक्षरं उमटली: शेफिल्ड. बाजूला तारा आणि क्रॉस, म्हणजे जोसेफ रॉजर्सची खूण. (या नावाच्या नकलाही बाजारात पुष्कळ होत्या, म्हणून छाती फुगवून सांगत नाही.) मग पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवून घासणं. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, ती उचलली की धार बिघडली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून.

पट्ट्यावर हात चालू असतानाच मी विचारलं, ‘‘काका, तुमच्या वडिलांनी आमच्या लोकांची हजामत केली कधी?’’

हात थांबला. ‘‘नाई. केली असती त गावानं माह्या बापालेच वाळीत टाकलं असतं.’’

खरं आहे. बलुतं बंद, पोट बंद. पण मित्रांनो, एवढ्यावर सोडून द्यायचं का? १८९० साली मुंबईत ‘दीनबंधू’वाल्या नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. पोट त्यांनाही होतं. हात तोच, वस्तरा तोच. म्हणजे नाही म्हणता येत होतं. फक्त आमच्यासाठी गावोगावच्या न्हाव्यांनी ते म्हटलं नाही. हा राग मी सोडणार नाही. पण त्या हाताला आमच्या डोक्यापासून दूर ठेवणारी व्यवस्था न्हाव्यानं रचली नव्हती, हेही आपल्या पोरांनी विसरू नये. आपण न्हाव्याशी भांडत बसलो तर खूश कोण होतं?

काकांना लोखंडे माहीत नव्हते. मी सांगितलं. त्यांनी दोनदा नाव विचारून घेतलं.

मुठीची तुटकी पिन त्यांनी पितळेची घातली. शिंगाला गेलेला तडा मी तसाच ठेवायला सांगितला. पैसे घेईनात. मी म्हटलं, ‘‘काका, बलुतं नाही हे, मजुरी आहे.’’ मग त्यांनी मोजून घेतले.