कर्ज परदेशी, ऊन आपलं

सौर प्रकल्पाला परदेशी कर्ज मिळाल्याची बातमी वाचली की माझ्या कपाळाला आठी पडायची. 30 नोव्हेंबर 2015 रोजी पॅरिसमध्ये पंतप्रधान मोदी आणि फ्रान्सचे अध्यक्ष ओलाँद यांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली, तेव्हा मी म्हणालो होतो, ‘कर्ज त्यांचं, पॅनेल परक्यांचे, आपलं काय, तर ऊन!’ लोक हसायचे, म्हणून हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं वापरलं.

आटगावात राहणाऱ्याला असा संशय येणं साहजिकच आहे. जवळचं तानसा धरण 1892 सालचं. त्याचं पाणी मुंबईला जातं, भातसाचंही जातं, आणि एप्रिल-मे आला की शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. धरण उशाला, कोरड घशाला. मोठी योजना आली म्हणजे आपल्याकडचं काहीतरी उचलून दुसरीकडे नेणार, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

माझं मत फिरलं ते एका कोटेशनमुळे. मी छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. इथल्याच एका शेडच्या पत्र्यावर पॅनेल बसवायचे होते. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘बघा, परवडतंय का?’ मी सवयीने इंधनाचा रकाना शोधला. तो नव्हताच. पॅनेलवरची धूळ धुवायला माणूस, थोडी देखभाल, पुढेमागे इन्व्हर्टर बदलायचा खर्च, बस्स. बाकी सगळी रक्कम सुरुवातीलाच घालायची आणि मग वर्षानुवर्षं हप्ते फेडायचे. कोळशाच्या केंद्राला रोज कोळसा लागतो; इथे रोज वाढतं ते व्याज. म्हणजे सौरविजेचा दर बराचसा बँकेच्या दरावर ठरतो.

मग मी आकडेमोड करून पाहिली. एक कोटीचं कर्ज, 20 वर्षांची मुदत, वर्षाला समान हप्ता. व्याज 10 टक्के असेल तर हप्ता पावणेबारा लाखांचा. तेच 4 टक्के असेल तर 7 लाख 36 हजारांच्या आसपास. पॅनेल तेच, ऊन तेच, पत्राही तोच.

साक्रीचा अर्थ मला त्यानंतर लागला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला, तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जावर. 2016 मध्ये जागतिक बँकेने छपरांवरच्या सौरऊर्जेसाठी 62.5 कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. तो पैसा स्टेट बँकेमार्फत द्यायचा होता. ज्याला मी मिंधेपणा म्हणत होतो, तो हप्ता कमी करण्याचा व्यवहार होता.

यातही खाचखळगे आहेत. 2011 साली एक युरो साधारण 65 रुपयांना पडायचा, 2025 मध्ये त्याने शंभरी ओलांडली. कर्ज युरोत आणि विजेची वसुली रुपयांत असेल, तर रुपयाची ही घसरण वर्षाला सरासरी तीन-सव्वातीन टक्क्यांनी अंगावर येते. माझ्या हिशेबातल्या 4 टक्क्यांत ती मिळवली तरी बेरीज 10 च्या आतच राहते, पण स्वस्ताईचा निम्मा दिमाख उतरतो.

मात्र माझा जुना संशय मी टाकून दिलेला नाही, त्याची दिशा बदलली आहे. धुळे जिल्ह्यातल्याच विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालत राहिले. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि त्यातच ते गेले. पैसा कोणत्या देशाचा, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपल्या रानाची किंमत कोणी आणि कशी ठरवली, हा होता. तानशाकाठच्या माणसालाही नेमकं हेच विचारायचं असतं. मी मात्र उगाच नोटेवरचा शिक्का बघत बसलो होतो.

आता शहापूर-मुरबाडकडे कुणी सौर प्रकल्पाचं बोलणं काढलं, तर कर्ज जर्मनीचं की जपानचं यावर मी वाद घालत नाही. सातबारा कोणाचा, जमिनीला दर काय आणि तयार होणारी वीज भरदिवसा इथल्या पंपाला मिळणार का, हे आधी लिहून मागतो. तेवढं कागदावर आलं, तर कमी व्याजाचं कर्ज खुशाल परदेशातून आणा.