आधी कीटन

मूकपट बघायला कुठून सुरुवात करावी असं विचारलं, की जाणकार 'सिटी लाइट्स' नाहीतर 'द जनरल' सुचवतात. दोन्ही थोरच. पण 'द जनरल'साठी (१९२६) आधी अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगावं लागतं आणि 'सिटी लाइट्स'चा (१९३१) शेवट भिडायला चॅप्लिनच्या भटक्याशी जुनी ओळख लागते. नव्या माणसाला थेट गाभाऱ्यात न्यायची एवढी काय घाई?

आमच्या लोणखेड्यात तर प्रश्न आणखी वेगळा. घरात गुजरी, गल्लीत अहिराणी, शेतात पावरी, शाळेत मराठी. एका खाटेवर बसलेल्या चौघांना एकाच वेळी हसवणं बोलपटाला जड जातं. कुणीतरी कुणाला समजावत बसतं. म्हणून मूकपट, आणि तोही इंग्रजी पाट्या वाचल्यावाचून अडत नाही असा.

माझं पहिलं मत बस्टर कीटनच्या 'वन वीक'ला. १९२० सालचा, वीसेक मिनिटांचा. नवीन जोडप्याला आहेरात घर मिळतं, पण खोक्यांत भरलेलं; सुटे भाग जोडून उभं करायचं. नवरीवर डोळा असलेला जळका गडी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग काय, भिंती तिरक्या, दार भलतीकडेच, आणि वादळ सुटल्यावर अख्खं घर भोवऱ्यासारखं गरगरतं. गवंड्याशी एकदा तरी भांडलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून द्यावं लागत नाही. शेवटी घर रुळांवर अडकतं. गाडी धडधडत येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. सगळे 'हुश्श' म्हणतात, तोच उलट्या बाजूनं दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. एवढं होऊनही कीटनच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. "हा हसत का नाही?" हा आमच्या आत्याचा प्रश्न मला बऱ्याच समीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो.

त्यानंतर चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' (१९१७): खाऊन झालंय, खिशातलं नाणं भोकातून गळालंय आणि समोर धिप्पाड वेटर. मग हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' (१९२३). १९१९च्या अपघातात लॉइडच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, हे मात्र तो घड्याळाला लोंबकळून झाल्यावरच सांगावं. आधी सांगितलं तर लोक हसायचे थांबून चुकचुकतात.

परदेशी याद्यांत सहसा नसणारं एक नाव मी मध्येच घुसवतो, फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९). त्याला कुणी विनोदी म्हणणार नाही, पण सुरुवातीला चिमुकली मंदाकिनी फाळके नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव करून दाखवते, तेवढ्यासाठी तरी तो बघावाच.

प्रतही पारखून घ्यावी. तेव्हाची पुष्कळशी चित्रणं आजच्या सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगानं चालवली की माणसं नको तितकी तुरुतुरु धावतात. आणि 'द गोल्ड रश' दोन आहेत: १९२५चा मूळ, आणि १९४२मध्ये चॅप्लिननं स्वतःच्या आवाजात निवेदन घालून पुन्हा आणलेला. आमच्या खाटेवर अर्थातच पहिला.